भरतीची खोली

धाकटीच्या लाँड्रीत कपडे माणसांवाचून नांदायचे. छतालगतच्या लोखंडी दांडीवर कोट, सदरे, झगे ओळीने टांगलेले असत. वाफेच्या इस्त्रीने एकदा हुस्स केलं की सगळी ओळ हलायची, आत कुणीतरी खांदे उडवल्यासारखी. नवं गिऱ्हाईक दचकायचं. धाकटी मान वर न करता म्हणायची, "काही करत नाहीत ते. मालकाची वाट बघतात नुसती."

वाट बघणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. साठीला टेकलेली, नातवंडांची आजी झालेली बाई, पण आपल्या आईचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. आई गेली तेव्हा ती रांगत होती. घरात फोटो नव्हता. "चित्रकाराच्या घरात फोटो कशाला?" असं बाबा म्हणायचे म्हणे, आणि चित्र आज काढू, उद्या काढू करता करता राहून गेलं. थोरल्या बहिणीला, ताईला विचारावं, तर ताई म्हणायची, "आईसारखी दिसायची. आणखी कशी दिसणार?" बोलून होईपर्यंत ती पाठमोरी झालेली असायची.

धाकटीकडे आईची म्हणून एकच गोष्ट होती, आणि ती कुणाला दाखवता येण्यासारखी नव्हती. चारेक वर्षांची असेल ती. अंगात ताप होता. खोलीभर पाणीच पाणी, पाण्यावर उजेड डुलतोय, आणि पलंगाशी आई उभी. अंगावर निळा झगा, तोच, जो दाराआडच्या खुंटीवर टांगलेला असायचा. उजेड मागून होता, चेहरा काळा दिसत होता. धाकटीने हाक मारली. झगा हलला नाही. पण एक बोट आलं आणि कपाळावर, भांगाच्या टोकाशी टेकलं. गार. विहिरीच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखं गार. तापलेल्या कपाळाला ते असं बरं वाटलं की ती तशीच झोपून गेली.

"स्वप्न पडलं असेल," ताई म्हणायची. "तापात काय वाट्टेल ते दिसतं."

धाकटी हो म्हणायची आणि मनात नाही म्हणायची. कारण तिला आपले बाबा माहीत होते.

बाबांची तऱ्हाच वेगळी होती. लोक त्यांच्या चित्रांना स्वप्नातली चित्रं म्हणत. छताला लटकलेली खुर्ची, कपाटात उगवलेलं झाड, जिन्यावरून चालत येणारे नुसते बूट. पण या माणसाला मनातून एक रेघ ओढता येत नव्हती. डोळ्यांसमोर असेल तेच त्यांच्या हातून उतरायचं. म्हणून खुर्ची खरोखरच छताला खिळ्यांनी ठोकली जायची, आणि तिच्यातले ढेकूण जेवणात पडायचे. झाड खरोखर कपाटात घुसवलेलं असायचं. त्याच्या फांद्या मोडू नयेत म्हणून घरचे कपडे महिनाभर जमिनीवर. बुटांना दोऱ्या बांधून ताई जिन्याच्या वर बसायची, एकेक बूट एकेक पायरी सोडत. "आधी असायला पाहिजे," बाबा म्हणायचे, "मग दिसतं."

आणि बाबांनी पाण्याच्या खोलीचं चित्र काढलं होतं. निळ्या झग्याचं. धाकटीने ते कधी सुलटं पाहिलं नव्हतं. पुरं झालं त्याच दिवशी बाबांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि लवकरच जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या हातगाडीवर घातलं. त्यानंतर त्यांनी कुंचला धरला तो फक्त लोकांच्या दारांवर नंबर रंगवायला. का सोडलं, विचारलं की तोंडाला कुलूप. ते कुलूप घेऊनच ते गेले.

तेव्हा धाकटीचा हिशोब सरळ होता. बाबा नसलेलं रंगवत नाहीत. बाबांनी आईला रंगवलं. म्हणजे आई आली होती.

हा हिशोब तिने आयुष्यभर उराशी धरला. लेकीच्या बाळंतपणात, नवऱ्याच्या आजारपणात, दुकानाचं शटर ओढताना कपड्यांची ओळ मागे हलली की तिचा हात आपसूक कपाळाकडे जायचा.

आणि एके दिवशी दुपारी लिलावघरातली एक बाई दुकानात आली. चाळिशीची, चष्मा कपाळावर, बोलणं मऊ. विक्रीला येणारी जुनी चित्रं तपासणं हे तिचं काम. तिने गल्ल्यावर एक गुळगुळीत पुस्तक उघडून ठेवलं, आणि त्यात तो झगा होता.

खोलीला जमीन नव्हती, पाणी होतं. पाण्यात लोखंडी पलंग. पलंगाशी निळा झगा ताठ उभा, आणि झग्यात कुणीही नाही. गळ्याच्या गोल कापातून पलीकडची खिडकी दिसत होती. पण बाह्यांतून दोन हात बाहेर आले होते आणि ते पलंगाकडे वळले होते.

"याला आता फार मागणी आहे, काकू," तपासणीवाली म्हणाली. "नेणिवेतला समुद्र, असं लिहिलंय आम्ही."

"समुद्र कुठला," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "घरातली सगळी पातेली, पराती, टब, बादल्या भरून जमिनीवर मांडल्या होत्या. आमच्याकडे पाणी प्यायला पेला उरला नव्हता."

तपासणीवाली हसली, मग हसायची थांबली. तिने ते चटकन लिहून घेतलं. "हेच विचारायला आले होते. तुमच्याशिवाय सांगणारं कुणी नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला दाखवायचीय. रंगाच्या आतलं दिसेल असा फोटो काढतो आम्ही. या झग्याच्या गळ्यावर, खिडकीच्या रंगाखाली, आधी एक चेहरा होता. नंतर झाकलाय."

इस्त्री हातात तशीच राहिली. खाली कुणाचा तरी सदरा होता. त्याचा वास येऊ लागला तेव्हा तिला भान आलं.

"विक्री परवा आहे. त्याच सकाळी या. एकदा विकलं गेलं की चित्र खोक्यात बंद होऊन कुठल्या तरी थंड गोदामात जाईल. अशी चित्रं हल्ली भिंतीवर राहत नाहीत."

संध्याकाळी धाकटी ताईकडे गेली. ताई इस्पितळात परिचारिका होती जन्मभर. निवृत्त होऊनही तिच्या खोलीत चादरीचे कोपरे ताणून खोचलेले असत. ती लसूण सोलत होती. धाकटीने सगळं सांगितलं. सोललेली पाकळी ताईने सालांच्या वाटीत टाकली आणि सालं पातेल्यात.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

"असंच. जुन्या रंगात काय बघायचं? सदरा जाळलास ना आज? तेवढं पुरे."

"ताई, आईचा चेहरा आहे तिथे."

"चिमे, ऐक माझं." चिमी हे धाकटीचं लहानपणचं नाव; ताई फक्त आजारपणात किंवा मनधरणी करताना वापरायची. "इतकी वर्षं निभावलंस ना त्यावर? मग हात नको लावूस त्याला."

"तुला काय जातंय सांगायला? तू आठ वर्षं पाहिलंस तिला. मला काय आहे? एक बोट."

लसणाच्या वाटीत ताईची बोटं नुसतीच फिरत राहिली.

विक्रीच्या सकाळी धाकटी एकटीच गेली. लिलावघर म्हणजे बाहेरून जुन्या बँकेसारखं, आतून इस्पितळासारखं. पायांचा आवाज होऊ नये म्हणून जाड जाजम, थंड हवा, हातमोजे घातलेली माणसं. चित्र एका मागच्या खोलीत तिरकं उभं केलं होतं. तिला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. साधारण लाँड्रीच्या टेबलाएवढं. लहानपणी तिने त्याची फक्त पाठ पाहिली होती, खिळे आणि जाडं कापड, आणि त्या पाठीमागे ती सगळं घर कल्पायची.

जवळ गेल्यावर तिने पहिल्यांदा हात पाहिले. बाईचे हात, कामाचे. नखांजवळ कातडी सोललेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शिवणाचं टोपण, अंगुस्तान, आणि त्यावर खिडकीच्या उजेडाचा एक ठिपका. तो ठिपका असा ओला होता की पुसावासा वाटावा.

आई शिवणकाम करायची एवढं धाकटीला माहीत होतं. अंगुस्तानाचं कुणी कधी बोललं नव्हतं. विहिरीतलं नाणं. इतकी वर्षं ती त्याला बोट समजत होती. ते बोटावरचं लोखंड होतं.

"बघायचं?" तपासणीवालीने विचारलं. धाकटीने मान हलवली. पडद्यावर करडा उजेड आला. झगा आला, काचेचा केल्यासारखा. आणि गळ्याच्या वर, खिडकीच्या गजांमागून, हळूहळू एक चेहरा वर आला. बुडालेलं माणूस पाण्यावर यावं तसा.

डोळे मिटलेले. ओठ घट्ट दाबलेले. गालावर एक ओघळ सुकलेला. आणि डाव्या भुवईत एक चीर, केस न उगवलेली.

बाईचा चेहरा नव्हता तो. मुलीचा होता. दहा-अकरा वर्षांच्या.

ती चीर धाकटी जन्मापासून बघत आली होती. बाबांच्या चित्रासाठी जिन्यावरून बूट सोडताना पडली होती ताई.

"काय झालं, काकू? ओळखता तुम्ही?"

"ओळखते ती," दारातून आवाज आला. ताई आली होती. गुडघेदुखीमुळे जिना चढून धाप लागलेली, हातात पिशवी, केस विस्कटलेले. "मीच आहे ती. मला बसायला काही द्या हो."

खुर्ची आली. ताई बसली, चित्राकडे पाठ करून.

"बाबांना आईचं चित्र काढायचं होतं," ती जमिनीला सांगू लागली. "आणि आई नव्हती. नसलेलं त्यांना येत नव्हतं, तुला माहीतच आहे. म्हणाले, तू तिच्यासारखी दिसायला लागलीयस, तू घाल झगा. घातला. पायांखाली लोळत होता. तू तिथे तापाने फणफणलेली. आणि हे म्हणतात, पलंगाशी उभी राहा, हलू नकोस. आईच्या कपड्याला अजून आईचा वास होता गं. मला रडू यायला लागलं. तर म्हणाले, रडू नकोस, तुझी आई रडत नसे. मग मी डोळे मिटून घेतले, आणि उभ्या उभ्या पेंगले असेन. पुढे कधीतरी त्यांनी माझं तोंड बुजवलं. झगा तारेवर टांगला आणि गळ्यातून खिडकी रंगवली."

"मी हाक मारली होती," धाकटी म्हणाली.

"मारलीस ना. आई म्हणालीस. मी तिथे, झग्यात. काय बोलणार? ओ दिली असती तर खोटं, आणि नाही म्हटलं असतं तर तुझं काय राहिलं असतं? म्हणून काही बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. स्वप्न पडलं असेल म्हणायचे, म्हणजे तू म्हणशील, नव्हतं पडलं, आणि तसंच जपून ठेवशील."

खोलीत हवेच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. धाकटीच्या पायाखालचं जाजम ओलं झाल्यासारखं तिला वाटलं. एवढ्या वर्षांची शिदोरी. बाळंतपणात, आजारपणात, शटर ओढताना. आई आली नव्हती. ताई आली होती, नेहमीसारखी. औषध घेऊन यायची, डबा घेऊन यायची, तशीच तेव्हाही झगा घेऊन. यात रडण्यासारखं काय होतं ते तिला कळेना, आणि तरी डोळे वाहू लागले.

"म्हणजे तूच," ती म्हणाली. "बोटही तुझंच."

"कुठलं बोट?"

"जे कपाळाला लावलंस. अंगुस्तानाचं. किती गार होतं ताई ते."

ताईने मान वर केली. "मी बोट नाही लावलं."

"पेंगत होतीस, आठवत नसेल."

"अगं, लावणार कसं? झगा केवढा ढगळ होता. बाबांनी सांगितलं होतं, मागचा सगळा घोळ दोन्ही मुठींत धर, म्हणजे समोरून अंगाबरोबर दिसेल. माझे दोन्ही हात बाह्यांत नव्हतेच, झग्याच्या आतून पाठीमागे होते, सबंध वेळ. मुंग्या येऊन मेले होते ते. बाह्या नुसत्या लोंबत होत्या."

मग ती हळूहळू खुर्चीत वळली आणि पहिल्यांदा चित्राकडे बघितलं. हात बघितले. तिचा चेहरा कागदासारखा झाला.

"हे त्यांनी नंतर काढले असतील," ती तपासणीवालीला म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे तरी. शेजारणीचे वगैरे. हो ना?"

तपासणीवालीने पडद्यावर काहीतरी मोठं केलं, पुन्हा लहान केलं. "नाही," ती म्हणाली. "चेहरा आणि हात एकाच ओल्या थरात आहेत. रंग एकमेकांत मिसळलाय. म्हणजे एकाच बैठकीतले. चेहऱ्यावर खूप खाडाखोड आहे, हातांवर एकही नाही. फार भराभर काढलेत. जणू..." ती थांबली.

"जणू काय?" धाकटीने विचारलं.

"जणू निघून जातील म्हणून."

ताईने पिशवी छातीशी धरली. "ते अंगुस्तान," ती म्हणाली, तेही अगदी हळू, "आईच्या बोटात रुतलं होतं. सूज आली होती हातांना. काढायला गेले सगळे, निघालं नाही. तसंच गेलं ते तिच्याबरोबर. घरात दुसरं नव्हतं. मी शिवायला बसले तेव्हा बोटाला चिंधी बांधायचे."

आधी असायला पाहिजे, मग दिसतं. बाबांचं ते वाक्य दोघींनाही एकदमच आठवलं असावं. त्या एकमेकींकडे बघेनात.

विक्रीला त्या थांबल्या. जायचं कुणीच म्हणालं नाही. मोठ्या दालनात मागच्या रांगेत बसल्या, लग्नात नको असलेल्या पाहुण्यांसारख्या. चित्र चौथऱ्यावर आलं. पुकारणारा गृहस्थ भलताच गोड गळ्याचा होता. आकडे वर चढवताना जणू पाळणा हलवत होता. लोक पाट्या उचलत होते. त्या हातांकडे कुणी बघत नव्हतं, सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते. लाकडी हातोडी एकदाच वाजली आणि खोली, पाणी, पलंग, सगळं फोनवरच्या कुणाचं तरी झालं. हातमोजेवाल्या दोघांनी चित्र उचललं. जाताना त्याची पाठ इकडे झाली. तेच खिळे, तेच जाडं कापड.

पुढच्या वस्तूची पुकारणी सुरू झाली. ताईने धाकटीचं मनगट धरलं. पकड परिचारिकेची होती, नाडी बघावी तशी.

"चिमे, कुठे लागलं होतं ते?"

धाकटीने आपला भांग दाखवला. ताईने तिथे बोट टेकलं. सुरकुतलेलं, ऊबदार, लसणाच्या वासाचं बोट.

"इथे?"

"इथेच."

ताईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि त्याच्याकडे बघत राहिली. "मी आठ वर्षं तिच्या कुशीत झोपले," ती म्हणाली. "ती गेल्यावर रोज खिडकीशी बसायचे. तुला भरवायचे, तुझी अंथरुणं धुवायचे, आणि मनात म्हणायचे, एकदा ये गं, नुसतं उभी राहून जा. आणि ती आली तर तुझ्याकडे आली. मी तिथे होते, डोळे मिटून. मला नाही गं शिवली ती."

धाकटीला आठवलं, लहानपणी आपल्याला झोपवताना ही काय म्हणायची ते. आईचंच होतं ते गाणं, ताईच्या तोंडून आलेलं. निळा माझा झगा, त्याला समुद्राचा काठ, झोपेच्या गावाची, दाव बाळाला तू वाट. ताईला कोण म्हणायचं असेल ते, आई गेल्यावर? हा प्रश्न इतक्या वर्षांत धाकटीला पडला नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "तू झग्यात होतीस ना?"

"होते ना."

"आणि हात त्याच बाह्यांतून आले."

ताईने बघितलं.

"मग ती उभी कुठे असेल, सांग बरं? मला तिचं बोट लागलं नुसतं. तू तर आख्खी तिच्या आत उभी होतीस."

पुकारणाऱ्याने कसला तरी आकडा म्हटला, पुढे कुणीतरी खोकलं. थोड्या वेळाने ताईने आपल्या कोटाच्या बाह्या मनगटाखाली ओढून घेतल्या, आधी एक, मग दुसरी. घराबाहेर पडताना तिने धाकटीच्या दुकानातून आलेला, घडी न मोडलेला कोट घातला होता. तो तिला थोडा ढगळच होता. दोन्ही हात बाह्यांतून काढून आतूनच पाठीमागे नेऊन तिने मागचा घोळ मुठींत गोळा केला, डोळे मिटले, आणि तशीच बसून राहिली.

धाकटी तिच्या लोंबत्या बाह्यांकडे बघत होती. दालनात वारा नव्हता. तिने हात पुढे केला नाही, हाक मारली नाही. फक्त ताईच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, त्यावरची आपली पिशवी तिने उचलून खाली ठेवली.